राखीव जागा आणि माहेरचे कागद

जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. २०१७ च्या निवडणुकीत साताऱ्यात ६४ व सांगलीत ६० गट होते. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. त्या आळीपाळीने फिरतात. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या.

आपला गट राखीव झाला हे सोडतीत कळते. पुढे दिवस थोडे उरतात आणि कागदांची धावपळ सुरू होते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. पोचपावतीवर उभे राहण्याची सवलत शासनाने वेळोवेळी दिली आहे, परंतु मुदतीत प्रमाणपत्र न आल्यास निवड रद्द होते. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले.

आमच्या भगिनींची अडचण याहून मोठी. सासरचे पुरावे त्यांना चालत नाहीत. वडिलांकडचे, तेही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कचेरीतील जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधावी लागते.

म्हणून आम्ही सुचवितो की, निवडणुकीची वाट न पाहता घरोघरी फाईल तयार ठेवावी. विद्यार्थ्याला मिळालेले वैधता प्रमाणपत्र त्याच्या सख्ख्या आत्यालाही पुरावा म्हणून उपयोगी पडते. त्याची एक प्रत तिला अवश्य द्यावी. कायद्याने दिलेली जागा कागदावाचून जाऊ नये.