चिमणराव, पुरंदर ओलांडून

तेच घर, तीच माणसं, दर आठवड्याला नवा घोटाळा. आणि घोटाळ्यातून कुणी शहाणं व्हायचं नाही, कारण शहाणं झालं की पुढचा आठवडा कोरडा. कौटुंबिक विनोदी मालिकेचं हे यंत्र इतकं साधं आहे! अमेरिकेत १५ ऑक्टोबर १९५१ला सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'नं ते घरोघरी पोचवलं. समोर खरे प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फिल्मवर चित्रण करायचं. म्हणून ते भाग आजही स्वच्छ दिसतात.

मराठीत मात्र टीव्ही यायच्या कितीतरी आधी हे यंत्र कागदावर चालू झालं होतं. १९३०च्या दशकात बडोद्याला पाली शिकवणारे चिं. वि. जोशी चिमणरावाच्या गोष्टी लिहीत होते. पुण्याचा भित्रा कारकून, पाठीशी सोटा घेऊन गुंड्याभाऊ, घरात बायको काऊ आणि पोरं. १९४०च्या 'लग्न पहावे करून' चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शननं मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चाळीसेक वर्षं जुना कारकून छोट्या पडद्यावर असा चपखल बसला, की तो त्यासाठीच लिहिला असावा. पडदा लहान, घर लहान, माणसाची फजितीही घरगुती. आपल्याकडे याहून नेमकी निवड झाली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

आता मालिकेचं हे चित्र नीराकाठच्या वालचंदनगरसारख्या दूरच्या गावात पोचायचं कसं, ते बघा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२चं; पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून तेच कार्यक्रम पुणे परिसरात जाऊ लागले. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत धावतात, पृथ्वी मात्र गोल. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, नीराकाठचा तो मुलूख पाचशेच्या आसपास. हिशोब मांडला तर गडावरून डोळ्याला क्षितिज शंभरेक किलोमीटरवर लागतं. हवेचा खालचा थर लहरींना किंचित वाकवतो, त्यामुळे त्यांचं क्षितिज एकशे दहाच्या थोडं पुढे सरकतं. आणि सिंहगड ते वालचंदनगर हे सरळ अंतर? तेही साधारण तेवढंच! म्हणजे गाव बरोब्बर काठावर. त्यातून वाटेत पुरंदरची रांग आडवी.

तरीही डोंगर म्हणजे पूर्णविराम नाही. धारेवर आपटलेल्या लहरीचा थोडा भाग पलीकडे खाली वाकतो. तो क्षीण असतो, जागोजाग कमी-जास्त होतो. म्हणूनच अशा काठावरच्या गावांत उंच बांबू, वर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना, गच्चीवर एकजण ती वीतभर फिरवतोय आणि खालून ओरडा: 'आलं, आलं... गेलं! परत मुंग्या!' त्या वीतभर फिरवण्यामागं पुरंदरच्या धारेचं भौतिकशास्त्र होतं.