स्थान, विभक्ती आणि सी भाषेतील आज्ञा

बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत ‘रामानं गोविंदाले पाह्यलं’ हे वाक्य ‘गोविंदाले रामानं पाह्यलं’ असे फिरविले तरी पाहणारा रामच राहतो. प्रमाण मराठीतील ‘ला’च्या जागी येणारा हा ‘ले’ पदाचे वाक्यातील नाते स्वतःबरोबर वाहून नेतो. सी ह्या संगणकभाषेत फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटांस असा प्रत्यय नाही. कोणते मूल्य कोणत्या कामाचे, हे केवळ स्थानावरून ठरते. ‘मेमसेट’चे परिचित उदाहरण घ्यावे. त्याचे दुसरे आर्ग्युमेंट म्हणजे भरावयाचे मूल्य व तिसरे म्हणजे बाइटांची संख्या. शून्य आणि चाळीस ह्यांची अदलाबदल झाली, तर चाळीस बाइट शून्याने भरण्याऐवजी एकही बाइट भरला जात नाही. आणि दोन्ही पूर्णांकच असल्यामुळे भाषेच्या नियमांनुसार विधान शुद्ध ठरते.

आज्ञा पार पाडणाऱ्या फंक्शनांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मोठ्या प्रणालीत आज्ञेचे नाव आणि तिच्या फंक्शनचा पॉइंटर अशी सारणी असते, व सारणीतील सर्व फंक्शने एकाच आकाराची असावी लागतात. एकीस नवी माहिती हवी झाली की सर्वांचीच मांडणी बदलावी लागते. ही दगदग चुकविण्यासाठी ती माहिती ग्लोबल व्हेरिएबलात ठेवून दिली जाते. व्याकरणातील अध्याहृत पदाचाच हा प्रकार होय. मात्र श्रोता संदर्भावरून अध्याहृत कर्ता ओळखतो, यंत्र तसे करीत नाही.

लिनस टोर्वाल्ड्स ह्यांनी २००५ साली आरंभिलेल्या ‘गिट’मध्ये नेमके हेच घडले होते. अंगभूत आज्ञेच्या फंक्शनला आर्ग्युमेंटांची संख्या, त्यांची यादी आणि भांडारातील चालू उपफोल्डरचा मार्ग एवढे मिळे. भांडार कोणते, हे ग्लोबल व्हेरिएबल सांगे. उपभांडारांमुळे एकाच प्रक्रियेत दोन भांडारांशी काम पडू लागले, की ही सोय गैरसोय ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये भांडाराचा पॉइंटर हे चौथे आर्ग्युमेंट जोडण्यात आले. शंभराहून अधिक फंक्शनांची मांडणी त्यासाठी बदलावी लागली. बहुतेकांत तर नवे आर्ग्युमेंट आरंभी ‘न वापरलेले’ असेच नोंदविले गेले. हे मला शहाणपणाचे वाटते. आधी आकार बदलावा, वर्तन मागाहून एकेक करून बदलावे. अर्थात अध्याहृत पद उघड झाले म्हणजे ते नेहमी असतेच असे नव्हे: भांडाराबाहेर दिलेल्या आज्ञेस रिकामा पॉइंटर मिळतो, आणि तो न तपासता वापरला तर प्रोग्राम कोसळतो.

पाचवे, सहावे आर्ग्युमेंट आले तर काय? सर्व मूल्ये एका स्ट्रक्चरमध्ये घालून त्याचा पॉइंटर द्यावा, असा मार्ग पुष्कळ जण घेतात. १९९९ च्या सी मानकापासून स्ट्रक्चरचे घटक नाव घेऊन भरता येतात व त्यांचा क्रम गौण ठरतो. येथे सी आपल्या ‘ले’च्या बरीच जवळ येते. पण न भरलेला घटक निमूटपणे शून्य होतो. स्थानाधिष्ठित पद्धतीत मात्र जुन्याच आकारात राहिलेले फंक्शन आपल्या घोषणेशी जुळत नाही, आणि कंपायलर ते तेथेच अडवितो.