उपास: पोटाचा आणि साखरेचा

श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला संभाजीनगरहून रात्रभर चालत येणाऱ्यांत अनेकांना उपास असतो. याच गावात, दर्ग्यांच्या सावलीत, रमजानचे रोजेही पाळले जातात. शरीराच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे उपास.

जेवण थांबले की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. बारा तासांनंतर हा साठा आटत जातो आणि चरबी जळू लागते. साबुदाणा खिचडी खाल्ली तर ही वेळ येतच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर झपाट्याने चढते. शेंगदाण्याचे कूट आणि दही तेवढे सावरून घेतात. मला भगर आणि ताक जास्त बरे वाटते.

सोळा तास उपाशी राहण्याच्या पद्धतीचा सध्या बोलबाला आहे. चीनमध्ये 139 स्थूल लोकांवर वर्षभर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र नुसते मोजून खाणाऱ्यांच्या तुलनेत वजनात ठळक जादा घट दिसली नाही.

रोज्यात पाणीही नसते, म्हणून उन्हाळ्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी, मग उपास एकादशीचा असो की रमजानचा, डोस आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. घाम, थरथर, गोंधळ जाणवला किंवा साखर 70 च्या खाली गेली, तर तिथेच उपास सोडून साखरपाणी घ्यावे. बोट टोचून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात.