आगीतून वाचलेला ऑर्गन पाच वर्षं गप्प का होता?

१५ एप्रिल २०१९. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं छत जळताना सगळ्या जगानं मोबाईलवर पाहिलं. तिथला भलामोठा पाईप ऑर्गन मात्र आगीतून वाचला. तरी पुढची पाच वर्षं तो वाजलाच नाही. का?

हा ऑर्गन वेगळा कसा?
आपल्या नाट्यसंगीतातला ऑर्गन पायानं भाता मारून वाजवतात. त्यात पेटीसारख्या धातूच्या रीड थरथरतात. पाईप ऑर्गनमध्ये हवा नळ्यांत शिरते. बहुतेक नळ्या म्हणजे मोठ्या शिट्ट्याच. नळी जितकी लांब, तितका सूर खर्जातला. नोत्र दामच्या ऑर्गनला जवळपास ८,००० नळ्या आहेत. सर्वांत लांब नळी सुमारे १० मीटर!

मग बिघडलं काय?
छतावर शिशाचे पत्रे होते. त्यांची विषारी धूळ ऑर्गनभर बसली. म्हणून २०२० मध्ये बहुतेक नळ्या उतरवल्या आणि नंतर कार्यशाळांत साफ केल्या.

दुरुस्त करून कोणत्या सालाकडे न्यायचं?
खरा पेच इथे आहे. हा ऑर्गन पिढ्यान् पिढ्या वाढत गेला. १८६८ मध्ये काव्हाये-कोल या कारागिरानं जुन्या नळ्या ठेवून त्याचे ८६ स्टॉप केले. स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाचा नळ्यांचा संच. आज ते ११५ आहेत. नळ्या वाढल्या की हवाही जास्त लागते. ती कमी पडली, तर जुन्या नळ्यांचाही सूर डळमळतो. म्हणजे वाढवताना चुकलं, तर जुना आवाजच हरवतो. या वेळी 'मूळ' रूपाच्या मागे न लागता हे सगळे थर जपले गेले.

सूर लावायला सहा महिने?
हो, आणि तेही रात्री, कारण शांतता हवी. शिवाय तापमान स्थिर लागतं. समजा, असा ऑर्गन जालन्यात आहे. हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशांना लावलेली शिट्टीसारखी नळी मे महिन्यात ४० अंशांना जवळपास अर्धा स्वर चढेल. रीडच्या नळ्या तेवढ्या चढत नाहीत. मग एकाच वाद्यात दोन पट्ट्या!

७ डिसेंबर २०२४ ला कॅथेड्रल पुन्हा उघडलं. आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा साद घातली आणि प्रत्येक वेळी ऑर्गननं सुरांतून उत्तर दिलं.