विंडोज मारण्याआधी : बंद पडलेला लॅपटॉप आणि सहा गैरसमज

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रोज ऐकू येणारं एक वाक्य आहे : "चालू होत नाहीये, विंडोज मारून द्या. आणि जमलं तर सेव्हनच टाका, तीच बरी होती." या एका मागणीत निदान, उपचार आणि औषधाचं नाव असं सगळं ग्राहकानेच ठरवून टाकलेलं असतं. विंडोज कधीही पुन्हा टाकता येते. मुलीचे लहानपणीचे फोटो, पीएचडीचा मसुदा, दुकानाचे पाच वर्षांचे हिशेब मात्र एकदा पुसले गेले की बहुतेक वेळा परत येत नाहीत. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : लॅपटॉप बूट होत नाही, म्हणजे विंडोज उडाली.

वस्तुस्थिती : बूट होणं हे टप्प्याटप्प्याने होणारं काम आहे. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, ते आधी रॅम आणि डिस्क तपासतं. मग डिस्कवरचा बूट लोडर शोधतं आणि तो लोडर विंडोज सुरू करतो. काम कुठे अडलं, हे बरेचदा पडद्यावरच दिसतं. कंपनीचा लोगोच येत नसेल तर विंडोजची पाळीच आलेली नाही. चार्जर, रॅम, स्क्रीन, बोर्ड यांच्याकडे बघायला हवं. लोगो येऊन 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर डिस्क गेली आहे किंवा तिची जोडणी सैल झाली आहे. अशा वेळी विंडोज कितीदा मारली तरी उपयोग नाही.

एक नेहमीचा प्रकार बघा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये बायोसचं घड्याळ आणि सेटिंग टिकवण्यासाठी सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि काही मशीनमध्ये सेटिंगही मूळ पदावर येतात. त्यात डिस्कचा मोड बदलला, म्हणजे रेडचा एएचसीआय किंवा उलट झाला, तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येतो आणि लॅपटॉप पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो. यात डिस्कही शाबूत असते आणि विंडोजही. सेल बदलून मोड पूर्ववत केला की काम भागतं. घाई झाली तर हाच लॅपटॉप विनाकारण फॉरमॅट होतो.

गैरसमज २ : फॉरमॅटमध्ये फक्त सी ड्राइव्ह जातो, आपला डेटा सुरक्षित राहतो.

वस्तुस्थिती : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच असतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल म्हणजे सी ड्राइव्हवरचीच फाइल. शिवाय विंडोज टाकताना समोर येणाऱ्या यादीत सी आणि डी अशी नावं नसतात. 'ड्राइव्ह ० पार्टिशन १', 'पार्टिशन २' असं लिहिलेलं असतं. तिथे चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं की डी ड्राइव्हही जातो.

"रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढू" हा भरवसाही अर्धाच खरा आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट केलं आणि त्यावर नवं काही लिहिलं गेलं नाही, तर बराच डेटा मिळू शकतो. पण फॉरमॅटनंतर लगेच विंडोज टाकली तर कित्येक गिगाबाइट नवं लिहिलं जातं. एसएसडीमध्ये तर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून रिकामी करून टाकते, आणि मग सॉफ्टवेअरला शोधायला काही उरत नाही.

बरा मार्ग सोपा आणि फुकट आहे. लिनक्स मिंट किंवा उबंटूचा बूटेबल पेन ड्राइव्ह करा, लॅपटॉप त्यावरून चालू करा, 'इन्स्टॉल' न करता 'ट्राय' निवडा आणि आपले फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्क टकटक वाजत असेल तर हे काम सगळ्यात आधी करा. दुरुस्तीचे प्रयोग तिला आणखी थकवतात. पण फाइल मोलाच्या असतील तर डिस्क बंद करून थेट डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्यावी.

इथे अनेकांना बिटलॉकर आडवा येतो. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि मग ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच खात्यात ऑनलाइन ठेवलेली सापडते. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती उतरवून ठेवावी.

गैरसमज ३ : विंडोज ७ कुठल्याही लॅपटॉपवर बसते.

वस्तुस्थिती : विंडोज ७ बाजारात आली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. तिच्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत आणि एनव्हीएमई एसएसडीचेही नाहीत. २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या सहाव्या पिढीपासून यूएसबी २.० चा जुना कंट्रोलर चिपसेटमधून गेला. परिणाम असा होतो की इन्स्टॉलेशनचा निळा पडदा येतो, पण यूएसबीचा माउस हलत नाही. पुढे 'सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही' असा संदेश येतो. लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्हच नसतो, त्यामुळे माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात विंडोजला तो पेन ड्राइव्हच वाचता येत नसतो. शिवाय विंडोज ७ ला सिक्युअर बूट चालत नाही आणि सहसा बायोसमधला जुना सुसंगतता (लेगसी) मोड लागतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तो मोडच उरलेला नाही.

दुसरा नेहमीचा अडथळा म्हणजे 'निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, त्यावर विंडोज टाकता येत नाही' हा संदेश. तो वाचून लोक सगळी पार्टिशनं उडवतात. बहुतेकदा कारण एवढंच असतं की पेन ड्राइव्ह लेगसी मोडमध्ये बूट झालेला असतो. तोच नव्या यूईएफआय मोडमध्ये बूट केला की डिस्कला हात न लावता काम पुढे सरकतं.

गैरसमज ४ : जुनी विंडोज हलकी, म्हणून वेगवान.

वस्तुस्थिती : मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी किमान १ जीबी रॅम सांगितली होती, ६४-बिट आवृत्तीसाठी २ जीबी. विंडोज १० साठीही हेच आकडे सांगितले गेले. जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेकदा थकलेल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी साटा एसएसडी बसवला आणि रॅम ८ जीबी केली की जाणवणारा फरक कुठल्याही जुन्या विंडोजने पडत नाही.

गैरसमज ५ : अँटिव्हायरस असला की जुनी विंडोज सुरक्षित.

वस्तुस्थिती : विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० ची नियमित मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यापुढे नोंदणी करणाऱ्यांसाठीच जादा अपडेटची सोय आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला, त्याच्या दोन महिने आधीच मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवणारा अपडेट दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले. आता विंडोज ७ च्या नव्या फटी घरगुती ग्राहकासाठी मायक्रोसॉफ्ट बुजवत नाही. क्रोमनेही २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ सोडली. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

काहींची अडचण मात्र खरी असते. मराठी डीटीपीची कितीतरी जुनी कामं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये अडकली आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्यासाठी अख्खा लॅपटॉप मागे नेण्याची गरज नाही. नव्या सिस्टिमवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात जुनी विंडोज चालवा आणि तिचं इंटरनेट बंद ठेवा.

गैरसमज ६ : विंडोज पुन्हा टाकली की लायसन्स गेलं, मग क्रॅकच वापरावा लागतो.

वस्तुस्थिती : विंडोज ८ पासून कंपनीने विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपची की सहसा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. त्याच आवृत्तीची विंडोज टाकली की इंटरनेट जोडताच ती ॲक्टिव्हेट होते. विंडोज ७ च्या लॅपटॉपवर ती खालच्या स्टिकरवर छापलेली असते; झिजण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा. विंडोज १० आणि ११ चा इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विनामूल्य मिळतो. त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. कुठूनतरी आणलेली 'ॲक्टिव्हेटेड' विंडोज घेणं म्हणजे आत काय भरलंय हे न पाहता अनोळखी माणसाला सगळे अधिकार देणं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, पण ते नसलेला लॅपटॉप भंगारात काढायचीही गरज नाही. पत्रव्यवहार, ब्राउझिंग, युनिकोड मराठी टायपिंग आणि व्हिडिओ कॉल एवढं काम असेल तर लिनक्स मिंट त्याच मशीनवर अपडेटसह फुकट चालते.

तेव्हा लॅपटॉप दुकानात देताना "विंडोज मारा" असं म्हणू नका. आधी बिघाड कुठे आहे ते बघा, मग माझा डेटा बाहेर काढा, आणि मगच काय टाकायचं ते माझ्याशी बोलून ठरवा, असं सांगा. आणि दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती : स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी समोरच्याला एकच विचारा, "यातलं काय तुम्हाला परत हवंय?"