न्हाणीचा उतार

हैदराबादेतील गवंडी तेलुगू बोलणारा असो वा उर्दू, न्हाणीघराच्या फरशीत सांडपाण्यासाठी तो जे भांडे बसवितो त्यास बांधकामाच्या परिभाषेत ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. मराठी माणसाला त्यात आपली न्हाणी तत्काळ ओळखू येते. काचेची पेटी नाही, उंबरा नाही, सबंध खोली भिजू द्यावयाची, असे शॉवरचे उघडे न्हाणीघर आज नवी टूम म्हणून वाखाणले जाते. परंतु खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंब आणि मोरीकडे उतार, ही जुन्या घरांची न्हाणी याहून निराळी ती काय होती? शहाबाद आणि तांडूर ही फरशीच्या दगडाची दोन्ही गावे एकेकाळच्या हैदराबाद संस्थानातलीच. आज पहिले कर्नाटकात आहे, दुसरे तेलंगणात.

फरक पडला तो मजल्यांमुळे. जुनी न्हाणी बहुधा जमिनीवर असे आणि झिरपलेले पाणी माती पिऊन टाकी. आता खाली माती नाही, शेजाऱ्याचे छत आहे. पाणी मुरले की स्लॅबमधील सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे खालच्या बिऱ्हाडात गळू लागतात. मग दोन कुटुंबांचे बोलणे तुटते ते निराळेच!

टाइल बसली म्हणजे पाणी अडले, हा समज येथे घात करतो. टाइल पाणी अडविते. तिच्या सांध्यांतील सिमेंट मात्र ते हळूहळू आत घेते. खरा बांध टाइलच्या खाली असतो. स्लॅबवर जलरोधक थर द्यावा, तो भिंतीवर निदान वीतभर आणि शॉवरच्या बाजूस पुरुषभर उंच चढवावा. भिंत व जमीन मिळते तो कोपरा आणि ट्रॅपचा काठ येथेच बहुतेक गळती जन्मते. तेथे हात आखडू नये. थर वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवावे आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावे. कामाच्या घाईत नेमकी हीच परीक्षा गाळली जाते.

उताराला दर मीटरमागे सुमारे 15 मिलिमीटर पुरेत. चार फूट रुंद, सहा फूट लांब अशा लहानशा खोलीत शॉवर व ट्रॅप दारासमोरच्या भिंतीशी ठेवले, तर एकाच दिशेचा उतार पुरतो. दाराशी फरशी तेथल्यापेक्षा सुमारे 27 मिलिमीटर उंच राहील, आणि तरीही ती बाहेरच्या खोलीपेक्षा खालीच असावयास हवी. ट्रॅप खोलीच्या मध्यावर घेतला की चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो. मोठी टाइल तशी वाकत नाही, म्हणून लहान तुकडे घ्यावे लागतात. गुळगुळीत टाइल भिंतीवर शोभते. पायाखाली ती खरखरीतच हवी, विशेषतः घरात वृद्ध असतील तर.

शहाबादी वा तांडुरी फरशी घालावयाची, तर आणखी एक पथ्य आहे. हा दगड चुनखडीचा. हैदराबादेत विंधणविहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, त्याचे पांढरे डाग फरशीवर धरतात, आणि ते काढण्यास लोक बाजारातून ॲसिड आणतात. ॲसिड डागाबरोबर दगडही खाते.