जोडणी तुटली, डाव कोणाचा?

संगणकावरच्या बुद्धिबळात लबाडी म्हटली की आधी इंजिन, म्हणजे खेळ्या सुचवणारं सॉफ्टवेअर, आठवतं, आणि ते साहजिकच आहे; खिशातला मोबाइल आज जगज्जेत्यालाही हरवतो. म्हणून खेळाडूला कॅमेऱ्यासमोर बसवतात, स्क्रीन तपासतात, त्याच्या खेळ्या इंजिनच्या पसंतीशी ताडून पाहतात. पण इंटरनेट तुटलं तर काय, हा प्रश्न जास्त किचकट आहे, कारण त्यात लबाडी आणि दुर्दैव बाहेरून अगदी सारखे दिसतात. हरत्या डावात कोणी मुद्दाम वायर काढेल, या भीतीने जोडणीची जबाबदारी खेळाडूवरच टाकली गेली. 2020च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताने या नियमाच्या दोन्ही बाजू तीन दिवसांत पाहिल्या. उपांत्यपूर्व फेरीत जोडणी तुटून आर्मेनियाचा खेळाडू भारताच्या निहाल सरीनविरुद्ध हरला. आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं आणि संघ स्पर्धेतून बाहेर पडला. 30 ऑगस्टला अंतिम फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालच्या भारतावर तीच वेळ आली. रशियाविरुद्ध निहाल आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी गेली, घड्याळ चालू राहिलं, दोघं वेळ संपून हरले. त्या दिवशी सेंच्युरीलिंक या इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातल्या बिघाडाचा फटका जगभर बसला होता. अपील समितीत एकमत झालं नाही, तेव्हा फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं.

पदक मिळालं याचा आनंद आहेच, पण अध्यक्षांचा विवेक हा काही नियम नव्हे. बिघाड जगजाहीर होता म्हणून भारताचं म्हणणं टिकलं. गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगराखाली, एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या मुलीचं नेटवर्क गेलं, तर त्याची बातमी कुठे होणार? तिच्या पदरी हार पडेल, आणि वर संशयही. सवलत दिली तर सगळेच वायर काढतील, हा आक्षेप खरा आहे; त्याचं उत्तर मात्र दयामाया नव्हे, नोंद. जोडणी कुठे, किती वाजता तुटली हे दोन्ही टोकांना टिपलं जावं आणि ते त्रयस्थाच्या हाती असावं. त्रयस्थ का, ते जुन्या एका प्रसंगातून कळतं. 1997 मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावानंतर जगज्जेत्या कास्पारोव्हने यंत्रामागे माणूस असल्याचा संशय घेतला. आयबीएमने नोंदी मागाहून खुल्या केल्या, पण ज्याच्यावर संशय त्याच्याच तिजोरीत पुरावा, म्हटल्यावर संशय विरायला फार काळ लागला.

असा त्रयस्थ मिळण्याची एक वाट आहे. 2021 पासून फिडेच्या ऑनलाइन नियमांत हायब्रिड पद्धत आहे: खेळाडू आपल्याच भागातल्या केंद्रावर, पंचासमोर बसून संगणकावर खेळतो. यात खर्च वाढतो आणि घरी बसून खेळण्याची सोयही जाते, हे मान्य. पण इंजिनची लबाडी आणि वायरचा बहाणा एकाच पंचाला दिसतो, आणि नेट खरोखरच गेलं तर साक्षीदार समोर असतो. एटापल्लीजवळच्या आल्लापल्लीत त्यासाठी एक खोली, एक पंच आणि दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी पुरेल.